सुकेशनीचा गुडघा

छत्रपती संभाजीनगर
६ जानेवारी २०२५

तनुजा मॅडम,

नमस्कार लिहीत नाही. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात म्हणून पोस्टानं लिहिते आहे. नाशिकचा पत्ता ऑफिसातल्या बद्रीनाथ काकांकडून घेतला. मॅडमना संक्रांतीचं पत्र टाकायचंय, असं त्यांना सांगितलं.

तुमचं पाकीट मिळालं. सुकेशनीच्या नावानं होस्टेलवर आलं होतं. ती गावाकडं आहे म्हणून वॉर्डनबाईंनी माझ्याकडं दिलं. आत अंगाऱ्याची पुडी आणि चिठ्ठी. ‘रोज गुडघ्याला लाव. श्रद्धा सोडू नकोस. तुझी मॅडम.’

ते मी तिला देणार नाही. अंगारा केरात टाकायला हात धजला नाही, तो कोपऱ्यावरच्या वडाखाली ठेवून आले. चिठ्ठी फाडली.

तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. ऑपरेशन अठरा डिसेंबरला झालं. लिगामेंट पूर्ण तुटलेलं होतं. आतली गादीसुद्धा फाटली होती, तिचा बराचसा भाग काढून टाकावा लागला. डॉक्टर तिच्या वडिलांना म्हणाले की पहिल्यांदा दुखलं तेव्हाच पाय हलायचा थांबला असता तर गादी वाचली असती. खंडेराव काकांना गादी म्हणजे काय ते कळलं नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. मी कॉलेजच्या फुटबॉल टीमची कप्तान, म्हणून मला सगळं माहीत असणार, असं त्यांना वाटतं. मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, पोलीस भरतीचं मैदान कधी मारता येईल? आठशे मीटर पळायचं असतं, शंभर मीटर पळायचं असतं, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच तिला घड्याळ लावून पळवायचात.

मी म्हणाले, बघू. डॉक्टर ‘नाही’ म्हणाले होते. काकांच्या तोंडावर ‘नाही’ म्हणायला तुम्ही इथं हव्या होतात.

सत्यशीला


२१ जानेवारी २०२५

मॅडम,

माझ्या आईला फोन करायचा नाही.

माझ्या पत्राचं उत्तर मला द्यायचं सोडून तुम्ही वाडीवर फोन लावलात. सत्या बिथरलीय, तिला समजवा, असं म्हणालात. आई घाबरली. तिला वाटलं, मी कॉलेजात काहीतरी करून बसले. दोन दिवस तिनं भाकर खाल्ली नाही, हे मला दादांनी सांगितलं.

तुम्हाला वाटलं असेल, सुगंधाबाई देवभोळी बाई आहे, आपलं ऐकेल. देवभोळी आहेच ती. बिरोबाला विचारल्याशिवाय मेंढरं लांब चरायला काढत नाही. पण मेंढराचा पाय मोडला तर ती काय करते, हे मी लहानपणापासून बघितलंय. कामट्या लावून चिंधीनं करकचून बांधते. हळद लावते, देवाचं नाव घेते आणि मग ते मेंढरू दादांच्या खांद्यावर देते. बरं होईपर्यंत दादा ते खांद्यावर वागवतात. देवाचं नाव घेतलंय म्हणून आईनं मोडक्या पायाचं मेंढरू कधी डोंगर चढवलं नाही.

तुम्ही आमच्या वाडीवर पहिल्यांदा आलात तो दिवस मला आठवतो. मी अकरावीत होते. खुलताबादला तालुक्याच्या स्पर्धेत तुम्ही मला गोलात उभी बघितली होती. पोरगी कुठल्या बाजूला झेप घेते ते बघा, असं तुम्ही कुणाला तरी म्हणालात आणि ते मी ऐकलं. मला कुणी शिकवलं नव्हतं. मेंढरं आडवायची सवय, एवढंच. दादा म्हणाले होते की आमच्यात पोरी चड्डी घालून खेळत नाहीत. तुम्ही पोत्यावर बसलात, ठेचा-भाकर खाल्लीत, डोळ्यातून पाणी येत होतं तरी खाल्लीत. आणि म्हणालात, “मुंजाबा भाऊ, ही पोरगी मला द्या. मी हिला माणूस करून परत देते.”

दादांनी पोटची पोर दिली. त्या दिवसापासून मी तुम्हाला आईच्या बरोबरीला धरलं. म्हणून एवढा राग येतो. दुसऱ्या कुणाचा आला नसता.

सत्यशीला


९ फेब्रुवारी २०२५

मॅडम,

खंडेराव काकांनी प्राचार्यांकडं अर्ज दिलाय. तीन जणांची चौकशी समिती नेमली. इतिहासाचे नानासाहेब सर अध्यक्ष आहेत. तुम्हाला पत्र पोचलं असेलच. मलाही लेखी जबाब मागितला आहे. तो लिहायला बसले की हात थांबतो. म्हणून आधी तुम्हालाच लिहिते. राग आला की बोलायचं नाही, कागदावर काढायचा, हे तुमचंच शिकवणं.

सतरा सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन झाल्यावर आपण प्रॅक्टिस घेतली. मैदानावर रात्रीच्या पावसाचा चिखल होता. सुकेशनीनं उजवीकडून बॉल आणला, वळली, आणि बसली. कुणी धक्का दिला नव्हता. मी गोलात होते, तीस पावलांवर. तिच्या गुडघ्यातला कट असा आवाज मला तिथं ऐकू आला. तुम्ही तर जवळ होतात.

गुडघा तासाभरात भोपळ्यासारखा झाला. तिनं दवाखान्यात जाते म्हटलं. तुम्ही नको म्हणाला नाहीत, हे खरं. तुम्ही कधीच नको म्हणत नाही. तुम्ही म्हणालात, “जा की. पण भीती घेऊन गेलीस तर डॉक्टर भीतीच हातात देईल. आधी मन घट्ट कर. सत्याचा गुडघा आठव.”

मग आपलं वर्तुळ. रोज पहाटे हात धरून, डोळे मिटून. देव कुणाचा कुठलाही असो, त्याचं नाव घ्या, असं तुम्ही म्हणायचात. सुकेशनीला मधे खुर्चीवर बसवलं. आम्ही सतरा पोरी आळीपाळीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवायचो. दहा-बारा दिवसांत सूज उतरली. ती चालायला लागली. पोरी रडल्या. तुम्हीही रडलात. खोटं रडला नाहीत, तेवढं मी ओळखते.

सहा ऑक्टोबरला फायनल होती. त्याच्या चार दिवस आधी होस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना सुकेशनीनं मला एक गोष्ट विचारली. ती इथं लिहीत नाही.

फायनलच्या एकसष्टाव्या मिनिटाला ती वळली आणि पडली. या वेळी ओरडली. मी पेनल्टी बॉक्सच्या बाहेर पळत गेले तर तिचा पाय जिथं वाकायला नको तिथं वाकला होता. आपण एक-शून्यनं जिंकलो. तिला स्ट्रेचरवरून नेत होते आणि तुम्ही कप घेऊन फोटोला उभ्या होतात. मीही उभी होते, तुमच्या शेजारी. फोटो अजून स्टाफरूमच्या बाहेर लावलेला आहे. तुम्ही पेपरवाल्याला सांगितलंत, “या पोरींनी श्रद्धेवर सामना जिंकला.”

महिनाभरात तुम्हाला नाशिकच्या मोठ्या कॉलेजात क्रीडा संचालक म्हणून बोलावणं आलं. जाताना तुम्ही सगळ्यांना भेटलात. सुकेशनीच्या गावाला जायला वेळ मिळाला नाही म्हणालात.

सत्यशीला


२३ फेब्रुवारी २०२५

मॅडम,

तुमचा लेखी खुलासा समितीत आला. मला वाचून दाखवला. तुमचं अक्षर लई सुंदर आहे.

‘मी कोणत्याही खेळाडूस वैद्यकीय उपचारांपासून परावृत्त केलेले नाही. कप्तान सत्यशीला हिने स्वतःच्या दुखापतीचा अनुभव स्वेच्छेने सांगितला होता. त्याचा सुकेशनीच्या मनावर परिणाम झाला असल्यास त्यास मी जबाबदार नाही.’

नानासाहेब सरांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. खोलीत पंखा चालू होता, तरी माझ्या पाठीवरून घाम वाहत होता. रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेल्यावर मला समजलं की तुमच्यावर मी का चिडले आहे. तुम्ही लिहिलंय ते खरं आहे म्हणून.

गेल्या पत्रात मी लपवलं. आता लिहिते.

ऑगस्ट २०२३ ला माझा गुडघा दुखावला. मी शहागंजातल्या हाडांच्या डॉक्टरांकडं एकटी गेले होते. त्यांनी पाय ओढून, वळवून बघितला आणि कागदावर लिहून दिलं. लिगामेंट शाबूत. नुसता ताण. तीन आठवडे आराम, बर्फ, मैदानावर पाय ठेवायचा नाही. तो कागद मी तुम्हाला आणून दाखवला. तुम्ही वाचलात, घडी करून तुमच्या डायरीत ठेवलात. म्हणालात, “हे पोरींना सांगायची गरज नाही. त्यांना आधाराची गरज आहे.”

एकवीस दिवस मी वर्तुळात बसले. एकवीस दिवस मी पळालेही नाही. बाविसाव्या दिवशी पहिल्या सामन्यात पेनल्टी आडवली. त्या संध्याकाळी तुम्ही म्हणालात, सत्या, तुझ्या तोंडून सांग. आणि मी उभी राहिले.

इथपर्यंत तुमचं. पुढचं माझं. मी म्हणाले, “डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं.” हे तुम्ही मला शिकवलं नव्हतं. माझ्या तोंडात आलं आणि मी बोलले. सगळ्या पोरी माझ्याकडं अशा बघत होत्या की मला थांबवेना. तुम्हाला माहीत होतं हे खोटं आहे. तुम्ही माझ्याकडं बघून हसलात आणि पुढच्या महिन्यात मला कप्तान केलंत. मग कुणी नवी पोरगी आली की मला ती गोष्ट सांगायला लावायचात. मी सांगायचे. दरवेळी थोडी वाढवायचे. एकदा तर डॉक्टरांनी तारीखसुद्धा दिली होती, असं सांगितलं.

गच्चीवर सुकेशनीनं विचारलं होतं, “सत्या, तुझं खरंच तसं झालतं का? मला खरं सांग. माझा गुडघा पायऱ्या उतरताना निसटल्यासारखा होतोय.”

मी म्हणाले, “व्हय.”

एवढंच म्हणाले. हातात ओला टॉवेल होता. तो तारेवर टाकला आणि खाली आले. दोन मिनिटं लागली असती सगळं सांगायला. फायनल चार दिवसांवर होती, तिच्याशिवाय उजवी बाजू रिकामी पडली असती. आणि मी खोटी पडले असते. दोन्ही कारणं होती. कुठलं मोठं होतं, ते मला अजून ठरवता येत नाही.

आता तुम्ही म्हणता, जबाबदार सत्यशीला. आहे. पण तो कागद तुमच्या डायरीत होता.

सत्यशीला


१२ मार्च २०२५

मॅडम,

मी सुकेशनीकडं जाऊन आले. समितीला सांगायच्या आधी तिला सांगायचं ठरवलं होतं.

बसमधून उतरून त्यांच्या घरापर्यंत चालत गेले. ती ओसरीत पाय लांब करून बसली होती, पायाला पट्टा, मांडीवर सूप, हरभरा निवडत होती. मला बघून तिला आनंद झाला. माझ्यासाठी आईला चहा ठेवायला सांगितला. तिची आई आवडाबाई आत गेली. मी चहा येईपर्यंत थांबणार होते, पण मग माझ्यानं सांगणं झालं नसतं. म्हणून उभ्याउभ्याच सांगितलं. शहागंज, कागद, ऑपरेशनची थाप, गच्ची.

ती निवडत राहिली. मग म्हणाली, “डॉक्टर काय म्हणाले होते तुला? त्यांचे शब्द सांग.”

मी सांगितलं, तीन आठवडे आराम, मैदानावर पाय ठेवायचा नाही.

“मग तू ठेवला का?”

“नाय.”

तिचे हात थांबले. ती म्हणाली, “म्हणजे तू आराम केलास, सत्या. तू आराम केलास आणि मला पळवलंस.”

मला रडू आलं. ती म्हणाली, इथं रडू नको, आई येईल. मग म्हणाली, आता जा. आवडाबाई चहाचा कप घेऊन बाहेर आली तेव्हा मी चपला घालत होते. बस आहे, म्हणाले. सुकेशनी माझ्याकडं न बघता आईला म्हणाली, “तिला घाई हाय, जाऊ दे.” आईसमोर तिनं माझी लाज राखली. मी तिची राखली नव्हती.

परत आल्यावर शहागंजात गेले. डॉक्टरांच्या कंपाउंडरनं जुनं रजिस्टर काढून दिलं. माझं नाव, तारीख आणि एक ओळ. त्याची प्रत घेतली. काल जबाब लिहिला, सात पानं. तुमचं वर्तुळ, माझी थाप, तुमची डायरी, माझं ‘व्हय’. सगळ्या पानांवर सही केली. टीममधल्या दोघी माझ्याशी बोलत नाहीत. म्हणतात, मॅडमनी आपल्याला गावातून काढून इथं आणलं आणि हिनं त्यांनाच खड्ड्यात घातलं. त्यांना काय सांगू? तुम्ही आणलंत, हे खरंच आहे. मलाही तुम्हीच आणलंत.

अठ्ठावीस तारखेला सुनावणी आहे. तुम्ही या. कागद पाठवू नका. माझ्यासमोर बसून बोला.

सत्यशीला


२९ मार्च २०२५

मॅडम,

हे शेवटचं.

काल तुम्ही आलात. गुलमंडीत आपण दोघींनी मिळून घेतलेली निळी साडी नेसून आलात. मला बघून हसलात, नेहमीसारख्या. माझ्याही ओठांवर हसू आलं आणि त्याचाच मला जास्त राग आला.

नानासाहेब सरांनी मला सगळं विचारलं. मी सांगितलं. रजिस्टरची प्रत त्यांच्यासमोर होती. मग त्यांनी तुम्हाला एकच प्रश्न विचारला. या मुलीनं तुम्हाला डॉक्टरांचा कागद दाखवला होता का?

तुम्ही टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडं बघत राहिलात. मी मनात म्हणत होते, म्हणा. एकदा ‘हो’ म्हणा. मी तुमचे सगळे गुन्हे माझ्या अंगावर घेईन, फक्त ‘हो’ म्हणा. खरंच घेतले असते.

तुम्ही म्हणालात, “मला आठवत नाही.”

साडेतीनशे पोरींची नावं, त्यांच्या आयांची नावं, कुणाला कुठल्या पायानं बॉल मारता येतो, हे सगळं तुम्हाला आठवतं. माझ्या वाडीवरच्या कुत्र्याचं नाव आठवतं.

समितीनं जे ठरवलं ते तुम्हालाही कळवलंय. झाल्या गोष्टीचा अहवाल तुमच्या नव्या कॉलेजला जाणार. दुखापत झाली की डॉक्टरांच्या सहीशिवाय कुणी मैदानात उतरायचं नाही, असा नियम झाला. माझं कप्तानपद गेलं, पुढच्या वर्षभर टीममध्ये जागा नाही. मी ते मान्य करून सही केली. सुकेशनीला काय मिळालं? ऑफिसात अर्धवेळ काम देता येईल का ते बघू, असं प्राचार्य म्हणाले. ‘बघू’ म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. म्हणालात, देव तुला क्षमा करो. मी हात बाजूला केला. जोरात केला, तुमची बांगडी फुटली. त्याबद्दल मला वाईट वाटलं नाही, हे लिहून ठेवते. देवाकडं तुमच्यामार्फत जायची मला गरज नाही. तुम्ही माझ्याकडून जे घेतलंत ते हेच, देवाकडं सरळ जाणं. परवा बिरोबापुढं हात जोडले तर आधी तुमचाच आवाज कानात आला. तो जाईपर्यंत मी तिथंच बसून राहिले. बराच वेळ लागला.

तुमची गाडी गेल्यावर सुनावणीला आलेली सुकेशनी बाहेर आली. खंडेराव काका झेरॉक्स काढायला गेले होते. तिच्या एका हातात कुबडी होती आणि व्हरांड्याला सहा पायऱ्या आहेत, कठडा नाही. ती वरच्या पायरीवर उभी राहिली. मी खाली होते. मी वर गेले, शेजारी उभी राहिले. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, सगळा भार टाकून. एकेक पायरी उतरलो. चौथ्या पायरीवर तिला कळ आली तेव्हा तिची बोटं माझ्या खांद्यात रुतली. खाली पोचल्यावर तिनं हात काढून घेतला आणि काका येतात त्या बाजूला तोंड करून उभी राहिली. माझ्याकडं बघितलं नाही.

तुम्ही असता तर ही गोष्ट पुढच्या वर्षीच्या पोरींना सांगितली असतीत. सुकेशनीनं सत्याला माफ केलं, असं म्हणाला असतात. आणि मी उभी राहून हो म्हणाले असते.

तिनं माफ केलेलं नाही. तिला उतरायचं होतं आणि तिथं दुसरं कुणी नव्हतं. एवढंच झालं.

सत्यशीला